वडिलांना सीओपीडी आहे आणि ड जीवनसत्त्व ९ आले आहे: औषधाकडून किती अपेक्षा ठेवावी?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. तुमचे वडील ६८ वर्षांचे आहेत, कोथरूडला राहतात, सात वर्षांपासून त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा फुप्फुसांचा दीर्घ आजार, आहे आणि गेल्या हिवाळ्यात दम वाढल्यामुळे त्यांना दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले. आता रक्ततपासणीत ड जीवनसत्त्वाची पातळी ९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाली असून डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी, अशा आठ पुड्या लिहून दिल्या आहेत. नात्यातल्या एका गृहस्थांनी मात्र ‘हे जीवनसत्त्व भरून आले की फुप्फुसे सुधारतात आणि पंप सुटतो’ असे सांगितले, आणि त्यावर विश्वास ठेवून वडिलांनी सकाळचा इनहेलर परस्पर बंद केला आहे.

सर्वांत आधी इनहेलर डॉक्टरांनी सांगितला होता तसाच आजपासून पुन्हा सुरू करा आणि तो मध्यंतरी बंद होता हे डॉक्टरांना फोन करून कळवा. ड जीवनसत्त्व भरून आल्यामुळे सीओपीडीच्या रुग्णाचा इनहेलर सुटतो, असे एकाही चाचणीने दाखवलेले नाही. बाकी सर्व चर्चा यानंतरची आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्या आईला अकरा वर्षे हा आजार आहे. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही, पण भोर तालुक्यातल्या आमच्या घरी तिने तीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला. (पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर जो लेख लिहिला, त्यात चुलीच्या धुराला मोठे स्थान आहे. तो वाचला तेव्हा मला आमचेच स्वयंपाकघर डोळ्यांपुढे दिसले.) आईचे ड जीवनसत्त्वही असेच तळाला गेले होते, म्हणून या विषयावर जे जे वाचता आले आणि डॉक्टरांना विचारता आले ते मी समजून घेत गेले.

या दोन गोष्टींचा संबंध आहे, यात शंका नाही. अमेरिकेतील चौदा हजारांहून अधिक लोकांच्या राष्ट्रीय पाहणीवरून २००५ साली असे दिसले की ज्यांची ड जीवनसत्त्वाची पातळी सर्वांत वरच्या गटात होती, त्यांचा एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, सर्वांत खालच्या गटापेक्षा सरासरी १२६ मिलिलिटर जास्त होता. बेल्जियममधील लुवेन येथील डॉक्टरांनी २०१० साली सीओपीडीच्या रुग्णांची पातळी मोजली, तेव्हा आजार जितका गंभीर तितकी कमतरता अधिक आढळली आणि सर्वांत गंभीर टप्प्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णांत ती होती. यामागचे कारणही पटण्यासारखे आहे. या जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप मूत्रपिंडात मिळते हे आपण शाळेत शिकलो, पण श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशी आणि मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी हेच काम जागच्या जागी करतात, आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार होण्यास चालना मिळते. ज्या आजारात प्रत्येक सर्दीची भीती वाटते, त्या आजारात हे साधन कमी पडले तर नुकसान होईल, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला तो निराधार नव्हता.

अडचण अशी की हाच संबंध उलट्या दिशेनेही तितकाच नीट लागतो. ज्याला जिना चढताना धाप लागते तो घराबाहेर पडत नाही, म्हणून त्याला ऊन मिळत नाही. त्याचा आहार कमी होतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स वारंवार होतात. आणि वयामुळे त्वचेची हे जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता मुळातच घटलेली असते. म्हणजे कमतरतेमुळे आजार बळावला की आजारामुळे कमतरता आली, हे नुसत्या पाहणीतून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी काही रुग्णांना खरे औषध आणि काहींना तसेच दिसणारे पण निष्क्रिय औषध देऊन पाहावे लागते.

तसे प्रयोग झाले आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांत आहे. लुवेनच्याच गटाने १८२ रुग्णांना वर्षभर दर चार आठवड्यांनी एक लाख युनिट किंवा निष्क्रिय औषध दिले. २०१२ साली निष्कर्ष आला की दम बळावण्याच्या प्रसंगांत एकूण काहीच फरक पडला नाही. मात्र ज्यांची सुरुवातीची पातळी १० च्या खाली होती, त्यांच्यात हे प्रसंग कमी झालेले दिसले. लंडनमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले आणि तेथेही चित्र तसेच होते: सर्वांना मिळून फायदा नाही, पातळी २० च्या खाली असलेल्यांना फायदा. पुढे २०१९ साली तीन चाचण्यांतील ४६९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा १० च्या खालच्या गटात मध्यम व तीव्र प्रसंगांचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले आढळले, तर त्यापेक्षा वरच्यांना लाभ झालेला दिसला नाही.

येथेच थांबले असते तर मी तुम्हाला निःशंकपणे आशा दिली असती. परंतु नेदरलँड्समध्ये मुद्दाम कमतरता असलेलेच, म्हणजे ६ ते २० या पातळीतील, १५५ रुग्ण निवडून त्यांना वर्षभर आठवड्याला १६,८०० युनिट दिली गेली, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दम बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत. माझ्या मते या एका चाचणीने आधीचे सर्व पुसले जात नाही, कारण तिच्यात अगदी तळाच्या पातळीचे रुग्ण थोडे असणार. पण ४५ टक्क्यांचा आकडा हे वचन मानू नये, इतके तिने नक्की शिकवले. दमा (अस्थमा) या वेगळ्या आजाराच्या बाबतीतही असेच घडले होते: कॉक्रेन या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्याने तीव्र झटके कमी होतात असे म्हटले आणि नव्या चाचण्या जमेस धरल्यावर २०२३ सालच्या आढाव्यात तो लाभ उरला नाही.

तरीही तुमच्या वडिलांची पातळी ९ आहे आणि ते दम बळावल्यामुळे रुग्णालयात राहून आले आहेत. सीओपीडीसाठी जगभर वापरली जाणारी ‘गोल्ड’ मार्गदर्शिका नेमके अशाच रुग्णांची ड जीवनसत्त्वाची तपासणी करून, पातळी १० च्या खाली असल्यास ती भरून काढण्यास सांगते. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले आहे. फुप्फुसांना फायदा झाला तर उत्तम, पण हाडांसाठी ही कमतरता भरणे आवश्यकच आहे, आणि हा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षिला जातो. स्टेरॉइडच्या गोळ्या, कमी हालचाल आणि वय यांमुळे या रुग्णांची हाडे ठिसूळ होतात; खोकताना बरगडी मोडणे किंवा मणका दबणे असे प्रकार घडतात, आणि मणका दबून पाठीला बाक आला की छातीचा पिंजरा आकसून उरलासुरला श्वासही कमी होतो. वडिलांची हाडांची घनता अद्याप तपासली नसेल तर पुढच्या भेटीत तो विषय अवश्य काढा.

आता उन्हाविषयी, कारण ‘सकाळचे कोवळे ऊन घ्या’ हा सल्ला तुम्हालाही मिळालाच असेल. ते ऊन सुखद असते, पण सूर्य खाली असताना त्यातले अतिनील-ब किरण वातावरणातच शोषले जातात आणि ड जीवनसत्त्व बनण्यासाठी तेच किरण लागतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगाचे, हा सोपा ठोकताळा आहे. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर साधारण साडेबाराच्या सुमारास. डिसेंबरच्या अखेरीस अशी आखूड सावली फक्त साडेअकरा ते पावणेदोनच्या दरम्यान मिळते, आणि मे महिन्यात मात्र सकाळी साडेनऊपासूनच मिळू लागते. सीओपीडीच्या रुग्णाला हे सोयीचे आहे, कारण हिवाळ्यात पहाटेची थंड हवा धूर आणि धूळ जमिनीलगत धरून ठेवते आणि पहाटे तळजाई टेकडीवर फिरायला गेलेल्या रुग्णाचा दम त्यामुळेच वाढू शकतो. डिसेंबरात बाराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे, मे महिन्यात सकाळी दहा वाजायच्या आत, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून गच्चीत बसणे चांगले. बंद काचेआड बसून उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते. तरीही ९ ची पातळी एवढ्याने भरून येईल असे समजू नका. शाकाहारी आहारात हे जीवनसत्त्व फारच थोडे असते, त्यामुळे औषध घ्यावेच लागते.

औषधाच्या मात्रेबद्दल आमचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. आईला आठ आठवडे आठवड्याला एक आणि त्यानंतर महिन्याला एक असे सांगितले होते. घरात तीन माणसे औषधे आणणारी, त्यामुळे ती पुडी आठवड्यालाच चालू राहिली, आणि ती चौदा महिने. आईला सतत तहान लागू लागली, बद्धकोष्ठता झाली, जेवण नकोसे झाले, आणि आम्ही ते सर्व सीओपीडीच्या औषधांवर ढकलले. शेवटी तपासणीत पातळी १३२ आणि कॅल्शियम वाढलेले निघाले. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, त्यामुळे औषध थांबवल्यावरही पातळी उतरायला महिने लागले. म्हणून आठव्या पुडीची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ‘एकदाच मोठे इंजेक्शन घेऊन टाका’ असे कोणी सुचवले तर त्यालाही नकार द्या. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढले, हे २०१० साली सिद्ध झाले आहे.

काही गोष्टी डॉक्टरांना आधीच माहीत असायला हव्यात: वडिलांना कधी मुतखडा झाला होता का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठी थायझाइड गटातील गोळी चालू आहे का. सार्कॉइडोसिस हा फुप्फुसाचा आजार असेल तर फारच जपावे लागते, कारण त्यातल्या गाठींमधील पेशी या जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप अनिर्बंध तयार करतात आणि नेहमीच्या मात्रेनेही कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. याउलट क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठीचे फेनिटॉइन हे जीवनसत्त्व लवकर संपवते.

अहवालात ३० च्या खाली सर्व काही ‘अपुरे’ असे छापलेले असते, त्याने घाबरू नका. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ सालीच २० ही पातळी बहुतेकांना पुरेशी मानली, आणि ३० चा आग्रह धरणाऱ्या एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली तो आकडा मागे घेतला. त्यामुळे वडिलांची पातळी २५ वर स्थिरावली तर आणखी पुड्या मागण्याचे कारण नाही. पुडी दुपारच्या मुख्य जेवणानंतर दुधातून द्या, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर ती चांगली शोषली जाते. कोर्स संपल्यावर सुमारे तीन महिन्यांनी ड जीवनसत्त्वाबरोबर कॅल्शियम आणि (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी) क्रिएटिनिनही तपासून घ्या, आणि त्याच भेटीत वडील इनहेलर कसा ओढतात ते डॉक्टरांना प्रत्यक्ष करून दाखवा. आईची ओढण्याची पद्धत चुकत होती हे आम्हाला चौथ्या वर्षी कळले, आणि ती सुधारल्यावर तिला जो फरक पडला तो कोणत्याही पुडीने पडला नव्हता.