वाचकांचे प्रश्न : गणपतीला घरी आल्यावर परदेशातील मुक्कामाची परवानगी टिकते का?

प्रश्न : मी 64 वर्षांचा निवृत्त बँक अधिकारी आहे, पत्नी 59 वर्षांची आहे. कोथरूडमधील सदनिका बंद ठेवून वर्षातील बराचसा काळ थायलंडमधील चिआंग माई येथे राहावे आणि गणपती व दिवाळीला पुण्यात यावे, असा आमचा विचार आहे. निवृत्तांचा व्हिसा कोणत्या अटींवर मिळतो, तो दरवर्षी वाढवून मिळतो का आणि मध्येच भारतात आल्यास काही अडचण येते का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. थायलंडमध्ये निवृत्त म्हणून मिळालेली एक वर्षाची मुदतवाढ आपण त्या देशाबाहेर पाऊल टाकताच रद्द होते, मग तिचे दहा महिने का शिल्लक असेनात. ती टिकवायची असेल तर निघण्यापूर्वी ‘री-एंट्री परमिट’ घ्यावे लागते. एका फेरीच्या परमिटाचे शुल्क 1,000 बाथ असून मुदतीत कितीही फेऱ्या करू देणाऱ्या परमिटाचे 3,800 बाथ आहे. गणपती आणि दिवाळी अशा दोनच फेऱ्या धरल्या तर एकेरी परमिट स्वस्त पडते, हे खरे. तरीही माझा सल्ला कितीही फेऱ्यांच्या परमिटाचाच राहील, कारण पुण्यात कोणी अचानक आजारी पडले तर हाताशी परमिट असलेले बरे.

या परमिटामुळे मुदतीची अखेरची तारीख मात्र पुढे सरकत नाही. नव्या मुदतवाढीचा अर्ज आधीची मुदत संपण्यापूर्वी, साधारणपणे शेवटच्या तीस दिवसांत, थायलंडमध्ये स्वतः हजर राहून करायचा असतो आणि त्याचे शुल्क 1,900 बाथ आहे. ही तारीख भाद्रपदाच्या आसपास आली तर दरवर्षी गौरी-गणपती की इमिग्रेशन कार्यालय, असा पेच पडेल. म्हणून पहिल्या प्रवेशाची वेळच अशी निवडावी की मुदत जानेवारी-फेब्रुवारीत संपेल.

आता अटींविषयी. अर्जदाराचे वय 50 किंवा अधिक असावे आणि थाई बँकेत 8 लाख बाथ, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक रक्कम, अथवा दरमहा 65,000 बाथ उत्पन्न असावे. दोन्ही मिळून वर्षाला 8 लाख बाथ होत असतील तरीही चालते. ठेवीचा मार्ग घेतल्यास ती अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने तशीच राहावी लागते आणि पुढेही शिल्लक 4 लाख बाथच्या खाली जाऊ देता येत नाही. म्हणजे हा पैसा घरखर्चाचा नाही, तो बांधला गेलेला आहे, असेच धरून चालावे. ही रक्कम भारतातून पाठवताना आर्थिक वर्षातील 10 लाख रुपयांवरील भागावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, कापते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. व्हिसा भारतातूनच ‘ओ-ए’ या दीर्घ मुक्कामाच्या प्रकारात काढल्यास पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि 30 लाख बाथचा आरोग्य विमाही लागतो. या व्हिसावर कोणतेही काम करता येत नाही.

पत्नीला आपल्यावर अवलंबून म्हणून मुदतवाढ मागता येते, त्यासाठी स्वतंत्र ठेव लागत नाही; मात्र विवाह नोंदणीचा दाखला हवा. आपल्या पिढीतील अनेकांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नसते. ती पुणे महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आताही करता येते. लग्नानंतर बदललेले नाव पासपोर्टवर एक आणि जुन्या कागदांवर दुसरे असेल, तर ते आधी जुळवून घ्यावे. अर्ज बहुधा इथेच अडतात.

सलग 90 दिवस राहिल्यास दर 90 दिवसांनी पत्त्याची माहिती इमिग्रेशनला कळवावी लागते. देशाबाहेर जाऊन आल्यावर ही गणना नव्याने सुरू होते. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला 500 आणि कमाल 20,000 बाथ दंड होतो आणि 90 दिवसांहून अधिक काळ उलटल्यास पुन्हा प्रवेशावर बंदी येते.

प्रश्न : अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असताना मुलीकडे न्यू जर्सीला सलग वर्षभर राहता येईल का?
– एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : व्हिसाची दहा वर्षे केवळ अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्यासाठी आहेत. आत किती राहायचे हे प्रवेशाच्या वेळी केलेल्या आय-94 या आगमनाच्या नोंदीवरील तारखेने ठरते आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. ही नोंद इंटरनेटवर पाहता येते. पोहोचल्यावर मुलीकडून ती लगेच छापून घ्यावी. अधिक राहण्यासाठी ती तारीख उलटण्यापूर्वी, शक्यतो 45 दिवस आधी, आय-539 हा अर्ज करावा आणि कारण, खर्चाची सोय व परतण्याचा इरादा कागदांनिशी दाखवावा. नातवंडे सांभाळायला थांबते, असे कारण लिहू नये; ते काम मानले जाण्याचा धोका असतो. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि 180 दिवसांहून अधिक राहून परतल्यास तीन वर्षे, तर वर्षभर किंवा अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेश मिळत नाही.