फटफट बोट: पाणी त्याच नळीतून परत येतं, तरी बोट पुढेच का जाते?

जत्रेतून आणलेल्या पत्र्याच्या फटफट बोटीबद्दल, म्हणजे वातीवर तापणारी छोटी डबी (बॉयलर) आणि तिच्यातून मागे पाण्यात उघडणाऱ्या दोन नळ्या असलेल्या खेळण्याबद्दल, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पाणी त्याच नळ्यांतून आत-बाहेर होत असेल तर बोट जागच्या जागी डुलायला हवी, ती पुढे कशी जाते? आणि मिनिटभर चालून बंद का पडते?

'एका नळीतून पाणी आत, दुसरीतून वाफ बाहेर' असं काहीजण सांगतात. ते आधी डोक्यातून काढा. दोन्ही नळ्या एकाच वेळी एकच काम करतात. पटत नसेल तर बॉयलर भरून झाल्यावर एका नळीचं तोंड मेणाने बुजवा. बोट जराशी वळत जाईल, पण चालेल. दुसरी नळी भरायच्या सोयीसाठी असते, एकीतून पाणी सोडलं की दुसरीतून हवा निघून जाते.

वातीने बॉयलरची चपटी डबी तापते आणि आतल्या थोड्याशा पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या साधारण १६०० पट जागा लागते, त्यामुळे ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. एकदा सुटलेलं पाणी वेगाच्या भरात गरजेपेक्षा थोडं जास्तच बाहेर निघून जातं. तोवर वाफ नळीच्या थंड भागात पोचते आणि तिचं परत पाणी होतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणून टबातलं पाणी नळीत घुसतं, गरम पत्र्यापर्यंत जातं, की पुन्हा वाफ. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं. ना झडप, ना दट्ट्या, ना चाक! आवाज येतो तो डबीच्या वरच्या पातळ पितळी पत्र्याचा. दाब वाढला की तो फुगतो, उतरला की आत बसतो. डबीऐवजी तांब्याच्या नळीचं वेटोळं असलेल्या बोटी जवळजवळ मुक्या असतात. थॉमस पिओट यांनी १८९१ साली ब्रिटनमध्ये फटफट बोटीचं पेटंट घेतलं. आवाज करणाऱ्या पातळ पत्र्याचं पेटंट नंतर अमेरिकेत चार्ल्स मॅकह्यू यांनी घेतलं.

आता तुमचा खरा प्रश्न. मेणबत्ती हातभर लांब धरून फुंका, विझते. तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढा, ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकर सरळ रेषेत जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. नळीचंही तेच. आत येणारं पाणी बोटीला किंचित मागे ओढतं खरं, पण तेच पाणी आत जाऊन अडतं तेव्हा तेवढाच धक्का पुढे देतं. हिशेब फिटला. बाहेर पडलेलं पाणी मात्र आपला वेग घेऊन मागे निघून जातं, आणि त्याच्या बदल्यात बोटीला पुढे रेटा मिळतो. नळीच्या तोंडामागे शाईचा थेंब सोडून बोट हाताने अडवून धरा, शाईची सरळ रेघ मागे जाताना दिसेल. मुलांना हे जरूर दाखवा, माझ्या वरच्या परिच्छेदांपेक्षा जास्त उपयोग होईल.

बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा हवा. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि डबीत साचते. वाफेसारखं तिचं परत पाणी होत नाही, मग आत ओढायला जोरच उरत नाही. यासाठी उकळून थंड केलेलं पाणी भरा. ड्रॉपरने एका नळीतून हळूहळू सोडा, दुसरीतून बुडबुडे थांबून नुसतं पाणी येईपर्यंत. मग दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून बोट पाण्यात सोडा आणि तोंडं पाण्याखालीच आहेत ना ते बघा. तरीही अडली तर डाखाच्या (सोल्डरच्या) सांध्यातून गळती असणार. बोट कोरडी करा, नळीतून तोंडाने फुंका आणि डबी पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे भोक.

आणि वात मोठी करून वेग वाढवायच्या फंदात पडू नका. डबी कोरडी पडली की पत्रा तापतच जातो, आणि डाख वितळायला २०० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं.