ॲप काढले, खाते राहिले

प्रश्न : खरेदीच्या एका ॲपवर खाते उघडताना मी मोबाइल नंबर, पत्ता आणि जन्मतारीख दिली, फोनमधील नंबरांची यादी पाहण्याची परवानगीही दिली. पुढे ते ॲप मी काढून टाकले, तरी संदेश येतच आहेत. माझी माहिती अजून त्यांच्याकडे असेल का? घरचे म्हणतात, आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय!

उत्तर : माहिती अजून त्यांच्याकडे असण्याचीच शक्यता अधिक आहे. ॲप काढल्याने फक्त तुमच्या फोनमधली जागा मोकळी होते. खाते कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ते तुम्ही स्वतः हटवायला सांगेपर्यंत बहुधा तसेच राहते. म्हणून त्यांच्या संकेतस्थळावर लॉगिन करा आणि सेटिंग्जमधून खाते कायमचे हटवा. तिथे 'डीॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट' असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसले, तर नीट वाचून निवडा, कारण पहिल्याने खाते सहसा नुसते झाकले जाते. तशी सोय सापडली नाही, तर ग्राहक सेवेला लेखी कळवा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. बिलांसारख्या काही नोंदी कंपनीला कायद्याने काही काळ ठेवाव्या लागतात, हेही लक्षात असू द्या.

घरच्यांच्या म्हणण्याशी मात्र मी मुळीच सहमत नाही. एकेकटी माहिती किरकोळ वाटते. ती जोडली की माणूस ओळखता येतो. लॅटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली, १९९० च्या अमेरिकी जनगणनेच्या आधारे, असा अंदाज मांडला की पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव म्हणून ओळखता येऊ शकतात. त्यासाठी नावाची गरजच पडत नाही. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. अर्जात त्या रकान्यापुढे तारांकन नसेल, तर तो खुशाल रिकामा सोडा.

मला सर्वांत खटकते ती नंबरांची यादी. त्या यादीत तुमचे डॉक्टर असतील, मुलांचे शिक्षक असतील, वर्षानुवर्षे संपर्कात नसलेले जुने शेजारी असतील, आणि यांपैकी कोणालाही विचारले गेलेले नाही. परवानगी काढून घेतली तरी आधीच गेलेली प्रत परत येत नाही. त्यामुळे खाते हटवण्याच्या अर्जात 'माझ्या फोनमधून घेतलेले संपर्कही पुसावेत' असे वेगळे वाक्य आवर्जून लिहा, आणि हा अर्ज खाते हटवण्यापूर्वीच ग्राहक सेवेला पाठवा.