पीएफ मोडण्याआधी

प्रश्न : मुलगा अकरावी कॉमर्सला आहे, क्लबकडून फुटबॉलची जिल्हा लीग खेळतो. कॉलेज सोडून त्याला निवासी अकादमीत घालावं म्हणतो. पीएफ काढायची तयारी आहे. तिशीपर्यंत खेळ, मग कोचिंग, पुढे टीव्ही किंवा राजकारण, माजी फुटबॉलपटू बायचुंग भुतियांसारखं, असं ठरवलं आहे. योग्य आहे का? (एक वडील, कोथरूड)

उत्तर : एरवी मुलगा खेळ म्हणतो आणि बाप इंजिनिअरिंग, म्हणून तुमचं पत्र वाचताना आधी बरं वाटलं. मग खटकलं. सगळीकडे ‘आम्ही’. ‘आम्ही ट्रायल दिली’, ‘आमचा डावा पाय जरा कच्चा आहे’. अहो, पाय त्याचा आहे! आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं, वेगळ्या अक्षरात एक ओळ : ‘काका, मला खेळायला आवडतं. बाबा मॅचला नसले की जास्त.’ ही ओळ तुमच्या नजरेतून सुटली असावी. वाचूनही तशीच राहू दिली असेल, तर तुम्हाला मानलं.

भुतिया इंग्लंडमध्ये ‘बरी’ नावाच्या क्लबकडून खेळले, टीव्हीवरची नृत्यस्पर्धा जिंकले, हे तुम्ही लिहिलंत. 2014 मध्ये ते दार्जिलिंगमधून लोकसभा हरले, हे गाळलंत. 2022 मध्ये फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा समोरच्याला 33 मतं पडली आणि त्यांना एक. एवढं नाव असून!

‘खेळ संपला की कोच होईलच’ हा तर फार जुना गैरसमज. पी. के. बॅनर्जी 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार होते, 1962 च्या आशियाई सुवर्णपदकाच्या संघातही होते. पण उमेदीची वर्षं ते ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, नोकरी सांभाळून. कोच म्हणून त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच गुणावर : पोरांशी बोलणं. कोलकात्यात त्याला ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. 1977 मध्ये पेले असलेल्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबला कोलकात्याच्या मोहन बागाननं ईडन गार्डन्सवर 2-2 असं रोखलं, तेव्हा कोच तेच होते. गोल मारता येणं आणि बाकावर बसवलेल्या पोराची समजूत काढता येणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीसाठी आता डी, सी, बी, ए अशी कोचिंगची लायसन्सं काढत जावं लागतं.

बाकी मार्ग ठरलेले : बारावी, मग क्रीडाशास्त्राची पदवी, सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण निकष आधी वाचा.

पीएफला हात लावू नका. बारावी पुण्यातच होऊ दे, क्लबही तोच राहू दे. आणि डी लायसन्सचा कोर्स तुम्ही करा. थट्टा नाही, पत्रात काढलेली तुमची फॉर्मेशनची, म्हणजे मैदानावरच्या मांडणीची, आकृती खरंच डोक्यानं काढलेली आहे. सोसायटीतल्या लहान पोरांना रविवारी शिकवा. मुलाच्या पुढच्या काही मॅचना मात्र घरी थांबा. अगदीच राहवलं नाही, तर लांब उभे राहा आणि ‘पास दे, पास दे’ म्हणून ओरडू नका. तिथं त्याचा कोच आहे.