स्वीट पीच्या बिया भिजवून पेराव्यात की खरवडून, आणि कोणत्या महिन्यात?

आपण नाशिकहून विचारले आहे की स्वीट पी या सुगंधी फुलांच्या हंगामी वेलाच्या बियांचे टरफल कठीण असल्यामुळे त्या रात्रभर भिजवाव्यात की खरवडाव्यात, आणि पेरणी केव्हा करावी. भिजवण्याला अवास्तव महत्त्व दिले जाते असे माझे स्पष्ट मत आहे. ताजे बी असेल आणि माती निचऱ्याची असेल, तर सुमारे दोन सेंटिमीटर खोल पेरलेली बी न भिजवताही आठवडा-दोन आठवड्यांत वर येते. भिजवायचेच असेल तर रात्री पाण्यात टाकून सकाळी काढावे, आणि जी बी तेवढ्या वेळात फुगली नसेल तिचाच डोळ्याच्या (बी शेंगेला जोडलेली असते त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूने नेलकटरने बारीकसा टवका काढावा. त्याहून अधिक काळ पाण्यात राहिलेले बी गुदमरून कुजते. फिक्या रंगाचे, पातळ सालीचे बी तर भिजवूच नये.

पेरणीचा महिना हा बी भिजवण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा प्रश्न आहे. हा वेल मूळचा सिसिली आणि दक्षिण इटलीचा. फ्रान्सिस्को कुपानी या सिसिलीतील धर्मगुरूने १६९९ मध्ये त्याचे बी इंग्लंडला पाठवले आणि तिथून तो जगभर गेला. सिसिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे शरद ऋतूत उगवायचे, थंडीत वाढायचे आणि कडक ऊन लागले की संपायचे हा त्याचा स्वभाव आहे. आपल्याकडे घटस्थापनेच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पेरावे आणि ऑक्टोबरच्या उन्हात रोपांना दुपारची सावली द्यावी. दिवाळी होऊ द्या, थंडी पडू द्या, मग पेरा, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नये, कारण उशिरा पेरलेला वेल फुलावर येईपर्यंत उन्हाळा दारात आलेला असतो. इंग्लंडमध्ये लोकप्रिय असलेल्या स्पेन्सर गटातील जातींना कळ्या धरण्यासाठी सुमारे १२ तासांचा दिवस लागतो, आणि पुणे-नाशिककडे डिसेंबरमध्ये तो ११ तासांच्या आसपास असतो. म्हणून विंटर एलिगन्स किंवा मॅमथसारख्या, लहान दिवसांतही फुलणाऱ्या जातींचेच बी घ्यावे. पाकिटावरच्या चित्राकडे पाहून बी घेऊ नये.

एवढे सांभाळले तर बी उगवते. माझ्या अनुभवात लोकांचा स्वीट पी उगवण्यात फसत नाही, फुले आल्यानंतर फसतो, आणि आपला प्रश्न वाचून मी लिहायला बसले ती त्यासाठीच.

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या पूर्वेकडील कुंपणभिंतीलगत काही वर्षांपूर्वी मी रीतसर परवानगी घेऊन स्वीट पी लावला होता. हातभर खोल चर खणून त्यात कुजलेले शेणखत भरले, आधाराला तुराट्या रोवून त्यांवर सुतळीची जाळी बांधली (या वेलाचे तणावे जाड बांबूला धरत नाहीत, त्यांना काडी किंवा दोराच लागतो), आणि पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर प्रत्येक रोपाचा शेंडा खुडला. डिसेंबर संपता संपता भिंत जांभळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांनी भरून गेली आणि फाटकापाशीच सुगंध येऊ लागला. मी एक दिवसाआड सकाळी कात्री घेऊन जात असे, एका देठावरच्या चार फुलांपैकी खालची दोन उमलली आणि वरची कळी मिटलेली असली की तो देठ त्याच्या बुडाशी कापत असे, आणि जुड्या बांधून ज्यांना हव्यात त्यांना देत असे. सुरक्षारक्षकांच्या टेबलावरही एक पेला कायम भरलेला असे.

मग समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तिथे ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी लावली. मी समजावून सांगायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “काकू, पाटी सर्वांसाठी आहे. तुम्हीच तोडलीत तर मुलांना कोणत्या तोंडाने अडवायचे? फूल झाडावरच शोभते.” त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी तेव्हाही मानले आणि आजही मानते. परंतु मोगरा, जास्वंद यांसारख्या वर्षानुवर्षे टिकणाऱ्या झाडांचा न्याय एका हंगामाच्या वेलाला लावता येत नाही. स्वीट पी फुलतो तो केवळ बी धरण्यासाठी. त्याचे स्वपरागण कळी पुरती उमलण्यापूर्वीच होऊन जाते, मधमाशीची त्याला गरज नसते. केंब्रिजच्या बेटसन, पनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ च्या सुमारास आनुवंशिकतेचे प्रयोग या वेलावर केले, तेव्हा हाच गुण त्यांना सोयीचा ठरला. याचा व्यवहारातील अर्थ असा की न तोडलेले जवळजवळ प्रत्येक फूल शेंग होते, आणि शेंगा भरू लागल्या की वेल नव्या कळ्या काढणे थांबवतो.

आमच्या भिंतीवर नेमके तेच झाले. पाकळ्या सुकून गळाल्या आणि त्यांच्या जागी चपट्या, बारीक लव असलेल्या शेंगा दिसू लागल्या. त्या पानांच्याच रंगाच्या असल्यामुळे लांबून कोणाला कळल्या नाहीत; देठावरून बोट फिरवले की हाताला लागत. फेब्रुवारी अर्धा व्हायच्या आत भिंत पिवळी पडली. त्यानंतरच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात, बी निकृष्ट होते आणि येथील हवामान या फुलांना मानवत नाही, अशी नोंद झाली. ती आजतागायत तशीच आहे. त्याच पाकिटातील, त्याच दिवशी पेरलेल्या बियांचे वेल माझ्या गच्चीवरील कुंड्यांत होते. तिथली फुले मी नेमाने कापत राहिले आणि मार्चच्या उन्हाचा पहिला चटका बसेपर्यंत घरात रोज ताजी जुडी होती. बी तेच, हवाही तीच, फरक फक्त कात्रीचा होता. सभेत मी हे सांगितले, पण कुंडीतल्या वेलाची गोष्ट वेगळी असते असे उत्तर मिळाले. कुंडीत मुळांना जागा कमी आणि माती लवकर तापणारी, म्हणजे वेल आधी थकायला हवा होता कुंडीतला, हे कोणी विचारात घेतले नाही.

तेव्हा आपण हा वेल सामायिक जागेत लावणार असाल, तर बी विकत घेण्याआधी फुले कापण्याची परवानगी लेखी घ्यावी. घरच्या अंगणात लावणार असाल तर घरातील वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे, कारण फूल देवाला वाहायचे नसेल तर तोडायचे कशाला, हा प्रश्न हमखास येतो. बी धरायचे असेल तर हंगामाच्या शेवटी एका वेलावरच्या शेंगा ठेवाव्यात. संकर आपोआप सहसा होत नसल्यामुळे, बी संकरित जातीचे नसेल तर पुढच्या वर्षी तोच रंग मिळतो. शेंगा तपकिरी होताच काढून कागदी पिशवीत ठेवाव्यात, नाहीतर त्या पिळवटून फुटतात आणि बी उडून जाते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. या वेलाच्या शेंगा आणि बिया विषारी आहेत. विदर्भात पिकणारी लाख डाळ याच प्रजातीसमूहातील आहे आणि तीही जास्त प्रमाणात सतत खाल्ल्यास अपाय करते. स्वीट पीचे बी मात्र मुळीच खाऊ नये. शेंग मटारासारखी दिसते, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर शेंगा वेलावर राहूच देऊ नयेत. दुसरे असे की जानेवारीनंतर पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, येते. पाणी पानांवर न घालता बुंध्याशी आणि सकाळीच घातल्यास तिचा जोर कमी राहतो. मार्चमध्ये वेल वाळले की उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत, म्हणजे मुळांवरच्या गाठींमधील नत्र पुढच्या लागवडीसाठी त्याच मातीत राहते.