बर्निना ट्रेनसाठी एफडी मोडू की लोन काढू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मे महिन्यात लग्नाला २५ वर्षं होतायत, स्वित्झर्लंडहून बर्निना एक्सप्रेसने आल्प्स ओलांडून इटलीत लेक कोमोला जायचंय, एजंटने दोघांचे ६ लाख ९० हजार सांगितलेत, हाताशी २ लाख ६० हजार आहेत आणि उरलेल्यासाठी ४ लाखांची एफडी मोडायची की पर्सनल लोन. माझं मत, दोन्ही नको, पण ट्रिप नक्की करा, फक्त मे सोडून सप्टेंबरमध्ये.

एफडी म्हणजे तुमचा जेमतेम सात महिन्यांचा घरखर्च, मिस्टरांची नोकरी प्रायव्हेट आणि जूनमध्ये मुलाची फी, त्यामुळे तिला हात लावूच नका. आणि ४ लाख ३० हजारांचं लोन १३ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास, नुसतं व्याजच ९० हजारांच्या वर जातं, तेवढ्यात एका माणसाचं विमानाचं तिकीट निघतं हो!

आता खरी गंमत. पॅकेजमध्ये पैसे कशाचे लागलेत ते बघा, सेंट मॉरिट्झचं महागडं हॉटेल तीन रात्री आणि पॅनोरमा डबा. त्या मोठ्या काचांच्या डब्यात सीट रिझर्वेशन कंपल्सरी आणि त्याचे पैसे तिकिटाच्या वर वेगळे, रेल्वे पास असला तरी. पण त्याच रुळांवरून साधी लोकल ट्रेनपण जाते, रिझर्वेशन लागत नाही, तेच २२५३ मीटरवरचं ऑस्पिझिओ बर्निना स्टेशन, तोच ब्रुझिओचा गोल फिरणारा पूल, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात म्हणजे फोटोत काचेची चमक येत नाही. युनेस्कोने २००८ मध्ये हेरिटेज केला तो रेल्वेमार्ग, काचेचा डबा नाही. मी तर लोकलच घेईन आणि वाटेतल्या आल्प ग्र्युम स्टेशनला उतरून ग्लेशियर बघून पुढची पकडेन.

तिरानोला उतरलात की इटली, तिथून मिलानकडे जाणारी साधी रिजनल ट्रेन दीडेक तासात वारेन्नाला कोमोच्या काठावर सोडते, खर्च युरोच्या एक आकडी रकमेत. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये रात्री कमी, इटलीत जास्त ठेवा, राहणं-खाणं दोन्ही बरंच स्वस्त पडतं. मग व्हिसाचा अर्जपण इटलीकडे करायचा, जिथे जास्त रात्री तो देश. फी माणशी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, आणि किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच.

तुम्ही दरमहा २५ हजार बाजूला टाकता म्हणालात, आत्ता डिसेंबर, ऑगस्टपर्यंत नऊ महिने म्हणजे सव्वादोन लाख, हाताशी आहेत ते धरून एकूण ४ लाख ८५ हजार. स्वतः बुकिंग केलं तर माझ्या अंदाजाने ट्रिप साडेचार लाखात बसते, वरचे अडीअडचणीला. पॅकेजच घेतलंत तर कापलेला टीसीएस, म्हणजे एजंट आधीच गोळा करतो तो टॅक्स, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना क्लेम करा, लोक विसरतात.

आणि क्रेडिट कार्ड वापरताना फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा चार्ज, किती ते आधी बँकेला विचारून घ्या, साडेतीन टक्के लावणारी कार्डं भरपूर आहेत, आणि तिकडे मशीनने रुपयात पेमेंट करू का विचारलं तर सरळ नाही म्हणायचं, फ्रँक किंवा युरोच.