गळक्या मोटारहोमवर २ लाख ४० हजार घालावेत का?

बडोद्याच्या कारेलीबागेतील एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे: त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी १३ लाखांना जुने मोटारहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेतले आणि यंदाच्या पावसाळ्यात त्याचे छत गळू लागले. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जीआयडीसी) एका वर्कशॉपने फायबरचे छत संपूर्ण नव्याने बसवण्याचे २ लाख ४० हजारांचे कोटेशन दिले असून निम्मी रक्कम दिवाळीपूर्वी आगाऊ मागितली आहे. दुसऱ्या एका मिस्त्रीने सांधे उकलून पुन्हा बसवण्याचे ३२ हजार सांगितले. गाडी आहे तशी विकली तर ७ लाख येतील, नवे छत घालून विकली तर साडेनऊ. यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील १० लाखांचे, अडीच वर्षांपूर्वी उघडलेले खाते मोडावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम एक विनंती करतो: आगाऊ रक्कम अद्याप देऊ नये. दोन्ही कोटेशने आपण पत्रासोबत पाठवली आहेत आणि ती मी बारकाईने वाचली. पाणी नेमके कुठून शिरते हे त्यांपैकी एकातही लिहिलेले नाही, आणि आपला सारा निर्णय त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.

पलंगाच्या उशाशी ठेवलेले स्टीलचे पातेले एका रात्रीत निम्मे भरते, असे आपण लिहिले आहे. परंतु पाणी जिथे ठिबकते तिथेच ते शिरलेले असते असे फार क्वचित घडते. बाहेरचे फायबर आणि आतला प्लाय यांच्या फटीतून, चौकटीच्या कडेकडेने ते उताराकडे सरकत जाते आणि चार-पाच फूट दूर वाट मिळेल तिथे खाली उतरते. शिवाय फायबरचा पत्रा मधोमध सहसा फुटत नाही. गळतात ती त्याला पाडलेली भोके: हवेसाठीचा छतावरचा झरोका, एसीची चौकट, सोलर पॅनेलचे ब्रॅकेट, अँटेना, मागच्या शिडीचे स्क्रू, कडेची पट्टी आणि वरच्या कोपऱ्यांतले छोटे दिवे. बडोद्याच्या मे महिन्यातील उन्हात तापून आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी हलून तिथले सीलंट कडक होते, तडकते, आणि केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जाऊ लागते.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा करावा. लाकडातील ओल मोजणारा छोटा मीटर दोन-तीन हजारांत मिळतो. त्याच्या दोन सुया छताच्या आतल्या बाजूस हातभर अंतराने टोचत जावे आणि आकडे कागदावरच्या नकाशात मांडावेत. कोरडे लाकूड साधारण १० ते १५ टक्के दाखवते, २० च्या वर गेले की ती जागा संशयास्पद समजावी. त्यानंतर कोरड्या दिवशी बागेच्या नळीने पाणी सोडावे, पण जोराचा फवारा मुळीच मारू नये. सुरुवात खालच्या कडेपासून करून हळूहळू वर सरकावे, प्रत्येक जागी दहा मिनिटे थांबावे आणि यजमानांनी आत टॉर्च घेऊन बसावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच सांध्यांवर पसरतो आणि काहीच कळत नाही. पाऊस नसताना, केवळ एसी चालू असतानाच थेंब पडत असतील, तर छत निर्दोष असून एसीचा निचरा तुंबलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तसे निघाले तर दोन्ही कोटेशने बाजूला ठेवता येतील.

याच पाहणीत छत बोटांनी दाबून पाहावे. एका अशीलाच्या गाडीत मी स्वतः झरोक्याशेजारी अंगठा टेकवला होता आणि प्लाय चहात बुडवलेल्या टोस्टसारखा आत गेला. वरून मात्र पांढरे कापड ताणलेले आणि स्वच्छ दिसत होते. आपल्याकडे असा मऊपणा झरोक्याभोवती वीतभरच असेल, तर तेवढा प्लाय कापून नवा बसवता येतो आणि ३२ हजारांचे काम थोड्या वाढीव खर्चात पुरते. तो भिंतींपर्यंत किंवा चौकटीपर्यंत पोहोचला असेल, तर हिशेब बदलतो.

मिस्त्रीशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढले पाहिजे, कारण त्यावर नवे सीलंट धरत नाही. आपल्या फोटोत झरोक्याभोवती सिलिकॉनचे तीन थर स्पष्ट दिसतात. चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घालून वरून सीलंट भरावे. आणि एसीच्या गॅस्केटला (एसी आणि छत यांच्यामधल्या मऊ गादीला) सीलंट न लावता त्याचे बोल्ट सारखे आवळावेत किंवा गॅस्केट बदलावे. हे सारे आतली ओल पूर्ण वाळल्यावरच व्हावे, नाहीतर पाणी आत कोंडून प्लाय कुजत राहतो. संपूर्ण छतावर गच्चीचे वॉटरप्रूफिंग फासून देणाऱ्याला मी याच कारणासाठी नकार देईन.

आता पैशाकडे येतो. गाडीला दिलेले १३ लाख परत येणार नाहीत, त्यामुळे ते हिशेबात धरू नयेत. आपण वर्षाला सुमारे ४० रात्री गाडीत काढता. हॉटेलचे ३,००० धरले तर १ लाख २० हजार वाचतात, आणि विमा, देखभाल, वरकड डिझेल मिळून आपण सांगितलेले ७० हजार वजा केल्यास वर्षाला ५० हजार उरतात. त्या बचतीतून ३२ हजार आठ महिन्यांत वसूल होतात, तर २ लाख ४० हजारांना जवळजवळ पाच वर्षे लागतात. विक्रीच्या दृष्टीनेही नवे छत किंमत अडीच लाखांनीच वाढवते, म्हणजे हाती १० हजार राहतात. आणि छत उघडल्यावर आत काय सापडेल व बिल किती चढेल, याची खात्री कोणी देत नाही. म्हणून विकायचेच असेल, तर छत न घालता, गळती लपवून न ठेवता, ७ लाखांना विकणे मला अधिक बरे वाटते. आणखी सहा-सात वर्षे फिरण्याची उमेद आणि प्रकृती दोघांचीही असेल, तरच मोठ्या कामाचा विचार करावा, तोही कमाल रकमेची मर्यादा लिहून घेऊन.

बचत योजनेचे खाते मात्र कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. त्यातून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही, खाते पूर्ण बंद करावे लागते. दोन वर्षांनंतर पण मुदतीपूर्वी बंद केल्यास १ टक्का, म्हणजे १० हजार कापले जातात आणि ८.२ टक्क्यांचा निश्चित दरही जातो. याच खात्याचे तिमाही व्याज २०,५०० रुपये आहे. एका तिमाहीचे व्याज आणि बचत खात्यातले साडेअकरा हजार एवढ्यात छोटी दुरुस्ती उरकते.

विम्याविषयी थोडक्यात: झीज आणि जुनेपणा यांतून आलेली गळती पॉलिसीत बसत नाही. वादळात फांदी पडून छत फुटले असते तर दावा करता आला असता, तरी साध्या पॉलिसीत फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. गाडी भाड्याने देऊन खर्च भरून काढण्याचा विचारही सोडून द्यावा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील.

पाऊस आता ओसरला आहे, तेव्हा कोजागिरीनंतरचे कोरडे आठ-दहा दिवस तपासणीसाठी राखून ठेवावेत. वरच्या कडेला पोहोचल्यावर प्रथम झरोक्यावर पाणी सोडावे. तो पलंगाच्या पुढे पाच फुटांवर आहे आणि गाडी उभी असते त्या जागेचा उतार उशाकडेच आहे, असे आपल्याच पत्रातल्या रेखाचित्रात दिसते. आकड्यांचा नकाशा मला पाठवावा. तो पाहून दोनपैकी कोणते कोटेशन घ्यावे ते कळवीन.